वरचा मजला: घरगुती ऊर्जा तपासणीच्या नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२४

५ फेब्रुवारी

कर्वेनगरच्या सोसायटीचं काम पक्कं झालं. चार मजली, लिफ्ट नसलेली, ऐंशीच्या दशकातली इमारत. वरच्या मजल्यावर जिन्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन घरं, क्रमांक १३ ते १६. सेक्रेटरींचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात १५ आणि १६ वाल्यांची बिलं फार येतात, दर मीटिंगला ते गच्चीचा विषय काढतात, तेव्हा एकदा तिऱ्हाईत माणसाने बघून काय ते सांगावं. फी ठरली, अर्धी आगाऊ. चारही घरांची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागितली.

घरांच्या तपासणीची आपल्याकडे कुणावर सक्ती नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा, त्यातलं सक्तीचं ऑडिट मोठ्या वीजखाऊ उद्योगांसाठी आहे. मी भोसरीला कारखान्यात युटिलिटी विभागात असताना बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा दिली, तीही बॉयलर, कॉम्प्रेसर आणि चिलर डोळ्यांपुढे ठेवून. घरात शिरल्यावर गणित तेच राहतं, वेळा बदलतात. कारखाना तिन्ही पाळ्यांत सारखा चालतो. घर चालतं ते संध्याकाळी सात ते रात्री अकरा. आणि नेमकी तीच वेळ माझ्या घरी दोन मुलांच्या जेवणाची आणि झोपेची.

६ फेब्रुवारी

पुढच्या चार महिन्यांचा तक्ता केला आणि फ्रीजवर लावला. हिची रुग्णालयातली ड्यूटी फिरती. सकाळपाळीच्या आठवड्यात ही चारपर्यंत घरी येते, तेव्हा मी संध्याकाळी बाहेर पडू शकतो. दुपारपाळीच्या आठवड्यात संध्याकाळ पूर्ण माझी आणि मुलांची, त्या आठवड्यात एकही संध्याकाळची भेट घ्यायची नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घर शांत ठेवायचं, म्हणून धाकट्याला पाळणाघरात सोडून मी थेट साइटवर. थोरली पहिलीत आहे, सकाळची शाळा, रिक्षाकाका साडेबाराला आणून सोडतात. म्हणजे रोजच्या हातात येतात सकाळचे साधारण चार तास. त्यात जाणं-येणं आलं.

हे तास कमी आहेत असं मला वाटत नाही. पण सकाळी दहा वाजता वरच्या मजल्यावरचं घर मोजून काही उपयोग नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा स्लॅब रात्रभराने निवलेला असतो. म्हणून आणखी चार लॉगर मागवले. मुठीत मावणारी डबी, दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवते, सेल महिनोन्‌महिने टिकतो. मी मुलांपाशी असेन तेव्हा ती डबी त्या घरात जागी असेल.

१२ फेब्रुवारी

बिलं आली. नेहमीप्रमाणे पट्टीचे आलेख काढले. पुण्यातल्या घराला सहसा दोन उंचवटे असतात. एक डिसेंबर-जानेवारीत, गीझरचा. दुसरा एप्रिल-मेमध्ये, पंखे, कूलर, एसी आणि जास्त वेळ चालणाऱ्या फ्रीजचा. सगळ्यांत खालची पट्टी म्हणजे घराचा पाया: फ्रीज, टीव्ही, दिवे, राउटर, सेट टॉप बॉक्स.

१५ नंबरचा मेचा वापर ४१० युनिट, १६ चा ३८०. दोघांकडे दोन-दोन एसी. १४ ची पट्टी १३० च्या आसपास, जानेवारीत थोडी वर. आणि १३ नंबरची वर्षभर ८५ ते ११०, उन्हाळ्यात उंचवटाच नाही.

सेक्रेटरींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “१३ चं सोडा हो, त्यांचं बिल कमीच आहे. त्यांचा काही प्रॉब्लेम नाही.”

मला ही पट्टी बघून काळजी वाटली. गच्चीच्या खालचंच घर, तोच स्लॅब, तेच ऊन. जिन्यापलीकडच्या घरांत मेमध्ये वापर दुप्पट होतो आणि इथे हलतच नाही. याचा अर्थ घर थंड आहे असा नाही, आतली माणसं सोसतायत असा आहे. भेट आधी १३ ला.

१५ फेब्रुवारी

१३ नंबर. निवृत्त आजोबा आणि आजी, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. दिवे एलईडी. फ्रीज जुना, पण दाराचं रबर घट्ट. कागद दारात धरून ओढून पाहिला, सुटत नाही. बेडरूमचा पंखा जुना, त्याला भिंतीवरचा तो मोठा डबा-रेग्युलेटर. कमी वेगावर ठेवला तर तो डबा तापतो, म्हणजे पंख्यातून वाचलेली वीज डब्यात जळते. नुसता रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक केला तरी हे थांबतं.

उन्हाळ्यात रात्री कुठे झोपता, हा प्रश्न मी सगळीकडे विचारतो. आजी म्हणाल्या, “मी हॉलमध्ये फरशीवर, पाणी मारून. हे गॅलरीत खुर्चीवर. बारा-एकनंतर आत येतात.” दर उन्हाळ्यात. खिडक्या रात्री उघडत नाही, डास येतात.

हे कुठल्याही बिलात दिसत नाही.

१७ फेब्रुवारी

१४ नंबर. भाड्याने राहणारं तरुण जोडपं, तीन महिन्यांचं बाळ. दोन ठिकाणचे सॉकेट झडपेचे नाहीत, बाळ रांगायच्या आत बदलून घ्या म्हणून लिहून दिलं. डीबीमधली (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीतली) आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागला की वीज तोडणारी कळ, टेस्टचं बटण दाबल्यावर पडली, म्हणजे चालू आहे, ३० मिलिअँपिअरची. जिथे लहान मूल आहे तिथे हे दोन मुद्दे मी फीमध्ये धरत नाही, पण बघितल्याशिवाय निघतही नाही. वायरिंगला मात्र हात लावत नाही. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम, त्याला काय सांगायचं ते कागदावर लिहून देतो.

डीबी उघडायचं असेल त्या भेटीला माझी मुलं बरोबर नसतात. हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळतो, मग भेट पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

बाळाच्या आईने विचारलं, “दादा, एसी घेऊ का? मेमध्ये याला कसं झोपवायचं?” सांगितलं की एप्रिलपर्यंत थांबा, आधी मोजू. बेडरूममध्ये एक लॉगर पाळण्याच्या उंचीवर बांधला, दुसरा स्लॅबला टेकवून.

२६ फेब्रुवारी

एका सोलरवाल्याचा फोन. मी ज्या घरांना पॅनेल सुचवीन त्यामागे ठरावीक रक्कम देण्याची तयारी. केंद्राची सूर्यघर योजना याच महिन्यात आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, त्यामुळे सगळीकडे धावपळ आहे. नकार दिला. पॅनेल चांगलीच गोष्ट आहे. एक किलोवॅट पुण्यात दिवसाला सरासरी चार युनिट देतं, शिवाय गच्चीवर सावली पडते ती वेगळीच. पण ९० युनिट वापरणाऱ्या आजोबांना ३ किलोवॅट कुणी विकलं तर तो सल्ला म्हणता येणार नाही. मी काहीच विकत नाही म्हणून ‘घेऊ नका’ असं म्हणू शकतो. माझ्या कामात विकण्यासारखं तेवढंच आहे आणि ते मला टिकवायचं आहे.

४ मार्च

धाकट्याला ताप. पाळणाघर तापात मूल घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. १५ नंबरची भेट पुढे ढकलली. त्यांनी समजून घेतलं.

७ मार्च

ताप उतरला. दोन दिवस घरीच होतो, म्हणून थोरलीला आमच्या मीटरवरचा लाल दिवा मोजायला शिकवलं. मीटरवर ३२०० इंपल्स प्रति युनिट असं छापलेलं असेल तर हिशोब सोपा आहे: दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले त्याने ११२५ ला भागायचं, वॅट मिळतात. घरात फक्त जुना पंखा चालू ठेवला, लुकलुकी दर पंधरा सेकंदांनी, म्हणजे ७५ वॅट. मग तो बंद करून बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा लावला, सदतीस-अडतीस सेकंद, म्हणजे ३० वॅट. भागाकार तिला येत नाही, पण ‘हा पंखा हळू खातो’ हे तिने स्वतः सांगितलं.

ही पद्धत मी ग्राहकांनाही देतो. उपकरण लागत नाही. सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी चालू आहे, ते शोधायचं. सदाशिव पेठेतल्या एका घरात असाच एक इन्व्हर्टर सापडला, लोडशेडिंगच्या काळात घेतलेला. २००६ च्या सुमारास पुण्यात वीज कमी पडायची तेव्हा कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराला वीज मोकळी करून दिली, त्याचा जादा आकार आपण बिलात भरला, त्या दिवसांतलं हे यंत्र. आता वीज क्वचित जाते, पण बॅटरी म्हातारी झाली आहे आणि चोवीस तास थोडं-थोडं चार्जिंग ओढते. ३५ वॅट म्हटलं तरी महिन्याचे २५ युनिट. त्यातली गोम अशी की बिलातलं वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं असतं. १०० च्या वरचा वापर असेल तर वाचलेले २५ युनिट महागाचे २५ असतात.

१६ मार्च

१५ आणि १६ दोन्ही झाली. एसी १८ अंशांवर. दोन्ही घरांत कारण एकच: “लवकर थंड होतं.” होत नाही. जुना, साधा एसी १८ वर ठेवला काय आणि २४ वर ठेवला काय, खोली थंड होण्याचा वेग तोच. १८ वर तो थांबत नाही एवढंच. २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर यावं असा नियम आहे तो याचसाठी. बीईईचा अंदाज दर अंशाला सहा टक्के बचतीचा.

पण त्यांचीही चूक म्हणता येत नाही. डोक्यावर तापलेला स्लॅब असताना २४ अंशांच्या हवेतसुद्धा माणसाला उकडतं, कारण अंगाला हवेबरोबर छताचीही झळ लागते. थर्मल कॅमेऱ्यात ते छत नारिंगी दिसतं. मार्चच्या मध्यावर संध्याकाळी सात वाजता ३७ अंश, खोलीतली हवा ३१. माणूस रिमोट दाबत राहतो आणि एसी खरं तर गच्चीशी भांडत असतो.

या दोन घरांच्या हॉलमध्ये एसी नाही. तिथेही लॉगर लावले, म्हणजे चारही घरांची बिनएसीची खोली तुलनेला मिळाली.

२१ मार्च

गच्चीवर तास काढला. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, वरून सिमेंटचा थर, काळपट झालेला. पुण्यात त्या काळच्या बहुतेक इमारतींवर असाच असतो. पाण्यासाठी तो चांगला, उष्णतेच्या बाबतीत मात्र तो तव्यासारखा आहे: तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. बाहेर दुपारी तीनला पारा सगळ्यांत वर असतो, आतून स्लॅब सगळ्यांत गरम असतो रात्री आठ-नऊला. म्हणजे बाळाला झोपवायची आणि आजोबा-आजींनी अंथरुणाला पाठ टेकायची नेमकी वेळ.

लोक पश्चिमेच्या भिंतीला दोष देतात आणि दक्षिणेला पडदे लावतात. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे असतो. मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास नसतंच. सगळ्यांत जास्त ऊन गच्ची घेते, त्याखालोखाल सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक बरी. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता घरातच राहते.

२९ मार्च

लॉगरच्या आतापर्यंतच्या नोंदी उतरवल्या. उत्तर बाजू (१३, १४) आणि दक्षिण बाजू (१५, १६) यांच्या स्लॅबच्या आतल्या तापमानात फरक अर्ध्या अंशाच्या आत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण यापुढे एका बाजूवर काही केलं तर जो फरक पडेल तो त्या कामाचाच असेल, असं ठामपणे म्हणता येईल.

रात्री अकरा वाजता १३ च्या बेडरूममध्ये ३२ अंश. बाहेर त्याच वेळी २४. पुण्याची रात्र अजून थंड होते, ही या शहराची श्रीमंती आहे. ती खिडकीबाहेर थांबते आणि आत माणसं तापलेल्या छताखाली पडून असतात.

३१ मार्च

सोसायटीची मीटिंग, रविवारी सकाळी अकराला. ही रात्रपाळी करून झोपलेली, म्हणून मुलं बरोबर नेली. शेजारच्या आजींना गावाला जायचं होतं. थोरलीने मागच्या खुर्चीवर बसून चित्र काढलं, धाकटा माझ्या मांडीवर. कुणाची हरकत नव्हती.

माझा प्रस्ताव: गच्ची झाडून-धुवून पांढरा थर. कायमचा ॲक्रिलिकचा थर महाग, आणि त्याआधी कोब्याच्या भेगा भराव्या लागतील. ते काम पावसाळ्यानंतरचं. या उन्हाळ्यापुरता चुना, त्यात चिकटपणासाठी डिंकद्रावण, दोन हात. पावसात तो बराचसा धुऊन जाईल, पण तोवर मोठा खर्च करावा की नाही ते कळेल. सोसायटीने अर्ध्या गच्चीपुरते पैसे मंजूर केले.

मग प्रश्न आला, कुठला अर्धा भाग? सेक्रेटरी आणि बहुतेक सभासदांचं म्हणणं सरळ होतं. ज्यांची बिलं जास्त, त्यांच्या डोक्यावर आधी. युनिटंही तिथेच जास्त वाचतील. हिशोबाने ते बरोबर आहे, मीसुद्धा कारखान्यात असतो तर तेच सुचवलं असतं.

मी लॉगरचा आलेख भिंतीला लावला. १५ आणि १६ च्या बेडरूममध्ये रात्री २४ अंश, कारण त्यांना एसी परवडतो. १३ मध्ये ३२, १४ मध्ये पाळण्याशी ३२ च्या वर. सांगितलं की वीज वाचवायची तर दक्षिण बाजू घ्या, पण उन्हाळ्याचा त्रास ज्यांना सगळ्यांत जास्त होतो ती माणसं उत्तर बाजूला आहेत. पंचाहत्तरीपुढचं शरीर आणि काही महिन्यांचं बाळ, दोघांनाही घाम काढून अंग थंड ठेवणं आपल्याइतकं जमत नाही. मीटर वीज मोजतो. या दोन घरांनी जे सोसलं त्याची नोंद त्यात नाही.

थोडी शांतता झाली. मग १६ वाले स्वतः म्हणाले, “आधी त्यांचं करा. आमचं दिवाळीनंतर.” मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. ठराव झाला.

५ आणि ६ एप्रिल

चुना झाला. दोन्ही दिवस सकाळी सात ते अकरा, ऊन चढायच्या आत. पहिला हात वाळल्यावर दुसरा. मी पहिल्या सकाळी उभा राहिलो, दुसऱ्या सकाळी सेक्रेटरी.

९ एप्रिल

गुढीपाडवा. काम नाही.

१८ एप्रिल

सकाळपाळीचा आठवडा, म्हणून संध्याकाळी जाता आलं. सात वाजता गच्चीवर अनवाणी चाललो. चुन्याच्या बाजूला पाय टेकवता येतो, दुसऱ्या बाजूला नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर काढायच्या आधीच उत्तर मिळालं होतं.

खाली १३ मध्ये आजींनी विचारलं, “खिडकी उघडू का आता?” खिडकीला डासांची जाळी अजून बसलेली नाही. आज जाळीवाल्याला तिथूनच फोन लावून दिला. ऊर्जा तपासणीच्या अहवालात जाळीचं नाव आलं की लोकांना नवल वाटतं, पण पुण्यात हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. सकाळी नऊला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री नऊनंतर सगळ्या उघड्या, समोरासमोरच्या. जाळी नसेल तर दुसरा अर्धा भाग होत नाही आणि सगळा दिवस साठलेली उष्णता तशीच झोपायला येते.

२९ एप्रिल

पारा चाळिशीच्या पुढे. शहर भाजून निघालंय. या दिवसांचीच वाट बघत होतो, म्हणून लॉगर आजच उतरवले.

रात्री नऊची आकडेवारी, मागच्या पाच दिवसांची सरासरी. चुन्याखालच्या स्लॅबचा आतला पृष्ठभाग ३५.५ अंश, उघड्या बाजूचा ४०. खोलीची हवा दोन अंशांनी कमी. १३ मध्ये जाळी बसल्यानंतर, खिडक्या उघड्या ठेवून, मध्यरात्री २८.५. गेल्या उन्हाळ्याची तुलना मोजमापात नाही, पण आजोबा आता आत झोपतात, गॅलरीतली खुर्ची रिकामी असते. मी अहवालात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे.

१४ मध्ये एसीऐवजी कूलर घेतला. पुण्याच्या एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते की कूलर इथे मनापासून काम करतो, १५०-२०० वॅटमध्ये. दीड टनी एसीला त्याच्या सात-आठपट लागते. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, आणि बंद खोलीत तो उलट दमटपणा वाढवतो, म्हणून मागची खिडकी उघडी हवी. बाळाच्या आईला हे दोनदा सांगितलं. टाकीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास.

आणि त्यांचा गीझर. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आपोआप तापतं, तरी सवयीने बटण चालू राहतं. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ पर्यंत न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. एप्रिलमध्ये नळातून ३२ अंशांचं पाणी येत असताना ते लागतच नाही. इथे बोअरचं पाणीही मिसळतं, त्यामुळे एलिमेंटवर क्षाराचा थर. प्लंबरकडून साफ करून घ्यायला सांगितलं.

१३ मे

पुण्यात मतदान. ही ड्यूटीवर जाताना मत देऊन गेली, मी दुपारी दोन्ही मुलांना घेऊन गेलो. शाळेला सुट्टी लागल्यापासून सकाळचे चार तासही सलग मिळत नाहीत. थोरलीला शेजारच्या आजींकडे दोन तास, मग त्यांच्या नातवाला आमच्याकडे दोन तास, असा फेरा बसवला आहे. मेमध्ये नवीन काम घेतलं नाही. अहवाल रात्री दहानंतर लिहितो. मे महिना ऊर्जा तपासणीचा सगळ्यांत चांगला महिना आहे आणि मुलं घरी असण्याचाही. दोन्ही माझंच आहे, म्हणून मार्चमध्येच जास्त कामं घेऊन मेसाठी पैसे बाजूला ठेवले होते. पुढच्या वर्षीही असंच.

२१ मे

१५ वाल्यांचा फोन. एसी २५ वर ठेवून वरून पंखा लावतात, महिनाभरात वापर कमी दिसतोय. नवीन बिल आल्यावरच आकडा लिहीन, कारण मध्ये दोन-तीन वळीव पडले आणि हवा थंड झाली होती. हवामानाने वाचवलेली युनिटं आपल्या खात्यावर घेता येत नाहीत.

१० जून

पाऊस लागला. दोन दिवसांपूर्वीच्या सरीने शहरात रस्त्यांचे ओढे झाले. गच्चीवर जाऊन आलो. चुना उतारावर बराच गेला आहे, कोपऱ्यांत टिकून आहे. अपेक्षेप्रमाणेच. दक्षिण बाजूच्या कोब्यात दोन भेगांमध्ये पाणी मुरतंय, खडूने खुणा केल्या आणि फोटो काढले.

१५ जून

शाळा सुरू. धाकटाही बालवाडीत. पहिल्या दिवशी दोघंही आनंदाने गेले.

२३ जून

सोसायटीला अंतिम अहवाल दिला. मीटिंगमध्ये ठरलं: दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, आधी दक्षिण बाजूच्या भेगा, मग सगळ्या गच्चीला पांढरा ॲक्रिलिक थर. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, गच्ची धुवायची. आजूबाजूला बांधकामं चालू आहेत, धूळ बसली की पांढरा रंग निम्मा काम करतो. खर्च सगळ्या सोळा घरांत विभागायचा. तळमजल्यावरच्या एका सभासदाने विचारलं की आम्ही का द्यायचा. उत्तर मला द्यावं लागलं नाही, १६ वाल्यांनी दिलं: स्लॅब सोसायटीचा आहे, फक्त तापतो वरच्यांच्या डोक्यावर.

पुढचं काम त्यांनीच सुचवलं. कॉमन मीटरवर पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे आहेत, बिल दरमहा वाढतंय. पंपाची तपासणी सकाळीच करायची असते, पाणी सोडतात तेव्हा. म्हणजे ते माझ्या वेळेत बसतं. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून वीज मोजायचा चिमटा) लावून एक टाकी भरायला किती मिनिटं आणि किती युनिट लागतात ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात बघणार, टाकीतला बॉलकॉक गळत नाही ना हेही.

१३ आणि १४ चे लॉगर तिथेच ठेवले आहेत. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर आर्द्रता किती चढते ते कळेल, आणि ऑक्टोबरमध्ये थर देण्याआधी उत्तर बाजूला कुठे ओल धरते आहे तेही.